पत्त्याची साक्ष : इंटरनेटवरील उपद्रवाचा माग आणि तक्रारींची व्यवस्था

इंटरनेटला जोडलेला कोणताही सर्व्हर, मग तो मोठ्या बँकेचा असो, विद्यापीठाचा असो की तालुक्याच्या ठिकाणच्या एखाद्या पतसंस्थेचा, जोडणी होताच थोड्याच अवधीत अनोळखी यंत्रांच्या धडका सोसू लागतो. कोणी त्याची दारे चाचपून पाहते, कोणी वापरकर्त्यांची ठरावीक नावे आणि पासवर्ड एकामागून एक लावून आत शिरू पाहते, तर कोणी त्याच्या टपालयंत्रणेतून नको असलेल्या जाहिराती आणि फसव्या लिंका लाखो लोकांच्या माथी मारू पाहते. या उपद्रवाला तोंड देणारी जी व्यवस्था गेल्या जवळजवळ तीन दशकांत उभी राहिली, ती कोणत्याही सरकारने वा आंतरराष्ट्रीय कराराने निर्माण केलेली नाही. आपल्या यंत्रावर कोणत्या पत्त्यावरून काय घडले याची नोंद ठेवावी, ती इतरांना कळवावी, अशा नोंदींच्या याद्या व्हाव्यात आणि तो पत्ता ज्याच्या ताब्यात आहे त्याला जाब विचारला जावा, या सर्व्हर सांभाळणाऱ्या तंत्रज्ञांच्या परस्पर सहकार्यातून ती घडत गेली. पोलीस, न्यायालय आणि शिक्षा यांचा तिच्याशी क्वचितच संबंध येतो. तिचा सारा भार साक्षीवर आहे. साक्ष नेमकी असेल तर ही व्यवस्था बऱ्यापैकी न्याय्य ठरते आणि साक्ष ढिसाळ असेल तर तीच निरपराधांना जाचक होते, असे तिच्या इतिहासावरून आणि कार्यपद्धतीवरून दिसून येते.

पत्ता कोणाचा, कोणी दिलेला

इंटरनेटवर बोलणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक आकडेवजा पत्ता लागतो. त्याला आयपी ॲड्रेस म्हणतात. अजूनही मोठ्या प्रमाणावर वापरात असलेल्या आयपीव्ही४ या पद्धतीत हा पत्ता ३२ बिटांचा असतो आणि तो २०३.०.११३.४५ अशा चार आकड्यांत लिहिला जातो. (२०३.०.११३ ने सुरू होणारे पत्ते केवळ उदाहरणांसाठी राखून ठेवलेले असल्यामुळे हा पत्ता कोणाचाही नाही.) ३२ बिटांतून सुमारे ४२९ कोटी पत्ते निर्माण होतात; जगाची गरज त्याहून मोठी निघाल्याने ३ फेब्रुवारी २०११ रोजी मध्यवर्ती साठ्यातील शेवटचे गठ्ठे वाटून संपले. त्यानंतरची आयपीव्ही६ ही १२८ बिटांची पद्धत जवळजवळ अमर्याद पत्ते पुरवते, पण त्यामुळे माग काढणाऱ्यांपुढे वेगळी अडचण उभी राहते. एका साध्या घरगुती ग्राहकालाही तिच्यात पत्त्यांचा एवढा मोठा पट्टा मिळतो की एकेक पत्ता अडवणे निरर्थक ठरते आणि अख्खा पट्टाच विचारात घ्यावा लागतो.

हे पत्ते कोणी मनाने घेत नाही. मध्यवर्ती साठ्यातून ते पाच प्रादेशिक नोंदणीसंस्थांकडे येतात. आशिया-प्रशांत विभागाचे काम ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील एपनिक पाहते, तर युरोपचे ॲमस्टरडॅम येथील राइप. भारतात २०१२ पासून एपनिकच्या अंतर्गत आयआरआयएनएन ही राष्ट्रीय नोंदणीसंस्था निक्सी या संस्थेमार्फत चालवली जाते. नोंदणीसंस्थेकडून पत्त्यांचे पट्टे इंटरनेट सेवादात्यांना, होस्टिंग कंपन्यांना आणि मोठ्या संस्थांना मिळतात आणि त्यांच्याकडून ते ग्राहकांपर्यंत पोहोचतात. कोणता पट्टा कोणाच्या ताब्यात आहे याचे दफ्तर सर्वांसाठी खुले असते. ‘हूइज’ नावाची जुनी चौकशीसेवा किंवा तिची जागा घेणारी आरडॅप ही नवी सेवा यांच्या साहाय्याने कोणालाही ते पाहता येते. तक्रारीची सारी इमारत या दफ्तरावर उभी आहे. मात्र दफ्तरात नाव सापडते ते पट्टा सांभाळणाऱ्या संस्थेचे. त्या क्षणी तो पत्ता वापरणाऱ्या व्यक्तीचे नाव त्यात नसते.

पत्त्याची साक्ष कितपत ग्राह्य धरावी हे संपर्काच्या प्रकारावर अवलंबून असते. टीसीपी या पद्धतीने दोन यंत्रे बोलू लागण्यापूर्वी हाक, प्रतिसाद आणि पोच अशी तीन टप्प्यांची देवाणघेवाण होते. प्रतिसाद ज्या पत्त्यावर जातो तेथूनच पोच यावी लागत असल्यामुळे खोटा पत्ता लावून संभाषण पुढे नेणे जवळजवळ अशक्य असते. ईमेल आणि लॉगिन ही दोन्ही कामे टीसीपीवर चालतात, म्हणून त्यांच्या नोंदीतील पत्ता विश्वासार्ह मानला जातो. यूडीपी या दुसऱ्या पद्धतीत अशी ओळखपरेड होत नाही; तिच्यातील पाठवणाऱ्याचा पत्ता सहज बनावट करता येतो. त्यामुळे यूडीपीच्या माऱ्यात दिसलेले पत्ते गुन्हेगार म्हणून कळवणारा तंत्रज्ञ पुष्कळदा बळी पडलेल्याविरुद्धच साक्ष देत असतो.

धडकांची नोंदवही

दूरवरून सर्व्हर चालवण्यासाठी एसएसएच नावाची सेवा वापरली जाते. ती १९९५ मध्ये फिनलंडमधील तातू य्लोनेन यांनी तयार केली आणि तिला पोर्ट २२, म्हणजे सर्व्हरच्या हजारो क्रमांकित दारांपैकी २२ क्रमांकाचे दार, नेमून दिलेले आहे. हे दार जगासाठी उघडे ठेवले की सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आपोआप लिहिल्या जाणाऱ्या नोंदवहीत, एका साच्याच्या ओळी भराभर उमटू लागतात: ‘फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड यूजर ॲडमिन फ्रॉम २०३.०.११३.४५ पोर्ट ५१२३४’. या एका ओळीत बरेच काही सामावलेले असते. ‘इनव्हॅलिड यूजर’ या शब्दांवरून ॲडमिन नावाचे खातेच त्या यंत्रावर नाही हे कळते. म्हणजे पासवर्ड विसरलेल्या कर्मचाऱ्याने केलेला हा प्रयत्न नव्हे. मागच्यापुढच्या ओळींत रूट, टेस्ट, ओरॅकल, उबंटू अशी नावे ओळीने आली असतील तर यंत्राने चालवलेल्या यादीचीच ती खूण असते. शेवटचा ५१२३४ हा आकडा पाठवणाऱ्या बाजूचा पोर्ट क्रमांक असून बहुतेकांचे त्याच्याकडे लक्ष जात नाही. तक्रार लिहिताना मात्र त्याला मोल येते.

अशा ओळी वाचून आपोआप कारवाई करणारी फेलटूबॅन ही मुक्त आज्ञावली २००४ पासून प्रचारात आहे. तिच्या मूळ मांडणीत दहा मिनिटांच्या अवधीत पाच वेळा चूक करणाऱ्या पत्त्याला दहा मिनिटे दार बंद होते. सर्व्हर सांभाळणारे हे आकडे आपल्या गरजेप्रमाणे बदलतात. हल्लेखोरांनीही त्यावर तोड काढली. नॉर्वेतील पीटर हान्स्टीन यांनी २००८ च्या अखेरीपासून अशा हल्ल्यांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या, ज्यांत प्रत्येक पत्त्यावरून एखाददुसराच प्रयत्न होई, मग दुसऱ्या पत्त्यावरून पुढचा, असा क्रम कित्येक आठवडे चाले. एकट्या सर्व्हरला अशी संथ मोहीम ओळखता येत नाही. अनेकांच्या नोंदी एकत्र आल्या तरच तिचा आकार दिसतो. नोंदी सामायिक करण्याची गरज यातूनच अधोरेखित झाली. सॅन्स संस्थेशी निगडित डीशील्ड हा प्रकल्प २००० पासून जगभरातील स्वयंसेवकांकडून फायरवॉलच्या नोंदी गोळा करत आहे, आणि ॲब्यूजआयपीडीबी या अलीकडच्या सेवेत कोणीही नोंदणीकृत वापरकर्ता पत्ता, वेळ आणि उपद्रवाचा प्रकार नोंदवू शकतो. त्या नोंदींवरून प्रत्येक पत्त्याला ० ते १०० असा संशयाचा गुणांक मिळतो.

हल्ला करणारी यंत्रे कोणाची असतात, याचा धडा २०१६ मधील मिराई प्रकरणाने दिला. मिराई हा मालवेअर, म्हणजे घातक आज्ञावली, इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या टेलनेट या दूरस्थ लॉगिनच्या जुन्या सेवेचा शोध घेई आणि कारखान्यातून येताना घातलेल्या नाव-पासवर्डांच्या साठेक जोड्या लावून पाही. ग्राहकाने पासवर्ड बदललेला नसलेले कॅमेरे, चित्रीकरण साठवणाऱ्या पेट्या आणि घरगुती राउटर त्याच्या ताब्यात गेले आणि पुढच्या हल्ल्यांत तेच सैनिक म्हणून उभे राहिले. अशा परस्वाधीन यंत्रांच्या जाळ्याला बॉटनेट म्हणतात. मिराईच्या कर्त्यांनी डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या न्यायालयात गुन्हा कबूल केला. पण जगभरच्या लॉगमध्ये जे पत्ते उमटले होते ते त्यांचे नव्हते, तर ज्यांच्या भिंतीवरचा कॅमेरा बिघडवला गेला होता त्या दुकानदारांचे आणि गृहस्थांचे होते.

स्पॅम आणि काळ्या याद्या

नको असलेल्या सामुदायिक टपालाचा पहिला ज्ञात प्रसंग ३ मे १९७८ चा आहे. डीईसी या संगणक कंपनीचे विक्री अधिकारी गॅरी थ्यूर्क यांनी अर्पानेट या इंटरनेटच्या पूर्वसुरी जाळ्यावरील शेकडो वापरकर्त्यांना एकाच वेळी जाहिरात धाडली होती. ईमेल वाहून नेणारा एसएमटीपी हा संकेत १९८२ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा जाळ्यातील बहुतेक संस्था एकमेकींना ओळखत होत्या, म्हणून पाठवणाऱ्याची ओळख पटवण्याची सोय त्यात नव्हती. ‘प्रेषक’ या जागी कोणतेही नाव घालता येते, हा दोष तेव्हापासूनचा. नाव खोटे असू शकते, पण जोडणी करणाऱ्या यंत्राचा पत्ता टीसीपीमुळे खरा असतो, या साध्या निरीक्षणातून पत्त्यांच्या काळ्या यादीची कल्पना निघाली. १९९७ मध्ये पॉल विक्सी आणि डेव्ह रँड यांनी कॅलिफोर्नियातून अशी पहिली मोठी यादी सुरू केली. १९९८ मध्ये स्टीव्ह लिनफर्ड यांनी लंडनमध्ये स्पॅमहाउस हा प्रकल्प काढला आणि त्याच वर्षी ज्युलियन हेट यांनी तक्रारी लिहून देणारी स्पॅमकॉप ही सेवा सुरू केली.

यादी जगभर पोहोचवण्यासाठी योजलेली युक्ती चातुर्याची होती. संकेतस्थळाच्या नावावरून आयपी पत्ता शोधणारी डीएनएस ही सेवा प्रत्येक सर्व्हर आधीपासूनच वापरत असतो. तिचाच उपयोग येथे करून घेण्यात आला. २०३.०.११३.४५ या पत्त्यावरून टपाल आले की घेणारा सर्व्हर ते आकडे उलट्या क्रमाने लावून, म्हणजे ४५.११३.०.२०३ असे करून, पुढे यादीचे नाव जोडतो आणि डीएनएसला विचारतो. असे नाव अस्तित्वात नाही असे उत्तर आले तर पत्ता यादीत नाही, १२७.०.०.२ यासारखे उत्तर आले तर तो यादीत आहे, आणि शेवटच्या आकड्यावरून तो कोणत्या कारणाने तेथे आला तेही कळते. हा सवालजवाब क्षणार्धात आटोपतो आणि पत्राचा मजकूर न घेताच ५५० सारखा नकाराचा संकेत देऊन जोडणी तोडता येते. या पद्धतीचे रीतसर वर्णन २०१० मध्ये आरएफसी ५७८२ या दस्तऐवजात प्रसिद्ध झाले. आरएफसी ही इंटरनेटच्या संकेतांची आणि शिफारशींची अधिकृत दस्तऐवजमाला होय.

स्पॅमहाउसच्या याद्यांतील फरक समजून घेणे सर्वसामान्य वाचकासही उपयोगी आहे. एसबीएल या यादीत जाणूनबुजून स्पॅम पाठवणाऱ्यांचे पत्ते असतात, एक्सबीएलमध्ये मालवेअरने ग्रासलेल्या यंत्रांचे, तर २००७ पासूनच्या पीबीएलमध्ये ज्या पत्त्यांवरून थेट टपाल निघण्याचे कारणच नाही असे पत्ते, मुख्यतः घरगुती जोडण्यांचे, ठेवलेले असतात. घरच्या ग्राहकाने आपले पत्र सेवादात्याच्या किंवा जीमेलसारख्या सेवेच्या सर्व्हरमार्फत पाठवावे अशी अपेक्षा असल्यामुळे त्याच्या यंत्राने परस्पर दुसऱ्याच्या टपालदाराशी बोलणे हेच संशयास्पद ठरते. त्यामुळे आपला घरचा पत्ता पीबीएलमध्ये आढळला म्हणून घाबरून जाण्याचे कारण नसते; तो दोषारोप नसून पत्त्याचे वर्गीकरण असते. एक्सबीएलमध्ये तो आढळला तर मात्र घरातील एखादे यंत्र खरोखर तपासायला हवे.

तक्रार कशी होते आणि तिचे काय होते

प्रत्येक संस्थेने आपल्या नावापुढे ‘ॲब्यूज’ ही टपालपेटी ठेवावी आणि आपल्या जाळ्यातून होणाऱ्या उपद्रवाच्या तक्रारी तेथे स्वीकाराव्यात, असा संकेत मे १९९७ च्या आरएफसी २१४२ मध्ये नमूद झाला. पुढे नोंदणीसंस्थांनीही दफ्तरात तक्रारीचा पत्ता देणे बंधनकारक केले. एपनिकने २०१० मध्ये तसा नियम केला, तर राइपमध्ये २०१२ च्या धोरणानंतर अशी नोंद आली. त्यामुळे तक्रारीचा मार्ग सोपा दिसतो: पत्ता घ्यावा, दफ्तरात पट्ट्याचा धनी पाहावा आणि त्याच्या ॲब्यूज पेटीत पत्र टाकावे.

पत्रात काय असावे, येथे मात्र निष्काळजीपणाला जागा नाही. वेळ सेकंदापर्यंत आणि कालपट्ट्यासह द्यावी लागते, कारण बदलते पत्ते काही तासांत एका ग्राहकाकडून दुसऱ्याकडे जातात. भारतीय प्रमाणवेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे असल्यामुळे कालपट्ट्याचा उल्लेख राहिला तर तक्रार भलत्याच ग्राहकाच्या नावावर चढू शकते. दोन्ही बाजूंचे पत्ते व पोर्ट, लॉगच्या मूळ ओळी आणि नेमका काय प्रकार घडला याचे एका वाक्यातील वर्णन एवढे पुरते; संताप, धमकी आणि कायद्याची कलमे यांनी तक्रारीचे वजन वाढत नाही. ईमेलच्या बाबतीत पत्राचे पूर्ण शीर्षक जोडावे लागते. त्यात प्रत्येक सर्व्हर आपली ‘रिसीव्ह्ड’ ही पोच वरच्या बाजूला चढवत जातो, म्हणून प्रवास खालून वर वाचायचा असतो. परंतु खालच्या पोचा स्पॅम पाठवणाऱ्याने स्वतःच रचलेल्या असू शकतात, आणि निःशंकपणे मानावी अशी पोच आपल्या स्वतःच्या सर्व्हरने लिहिलेलीच असते. हीच माहिती यंत्राला वाचता यावी म्हणून २०१० मध्ये आरएफसी ५९६५ द्वारे तक्रारीचा एक ठरावीक नमुनाही निश्चित झाला.

लॉग जसाच्या तसा सार्वजनिक यादीत टाकण्याचा धोकाही ध्यानात घ्यायला हवा. घाईत असलेला कर्मचारी वापरकर्त्याच्या नावाच्या जागी चुकून पासवर्ड टंकतो, लॉगिन फसते आणि तो पासवर्ड ‘इनव्हॅलिड यूजर’ या शब्दांपुढे उघड्या अक्षरांत नोंदवला जातो. अशी ओळ न पाहता प्रसिद्ध करणारा तंत्रज्ञ हल्लेखोराची तक्रार करता करता आपल्याच घराची किल्ली बाहेर टांगून ठेवतो.

तक्रारींना मिळणारा प्रतिसाद असमान असतो. चांगल्या होस्टिंग कंपन्या ग्राहकाला नोटीस देतात आणि सुधारणा न झाल्यास सर्व्हर बंद करतात. काही ठिकाणी पेटी भरून वाहते पण उघडली जात नाही. तर काही कंपन्या तक्रारींकडे दुर्लक्ष करण्याचेच पैसे घेतात. या शेवटच्या प्रकाराला बुलेटप्रूफ होस्टिंग म्हणतात. कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील मॅककोलो ही होस्टिंग कंपनी त्याचे ठळक उदाहरण होय. अनेक मोठ्या बॉटनेटांना आज्ञा देणारे सर्व्हर तिच्याकडे होते. संशोधकांनी जमवलेले पुरावे ‘वॉशिंग्टन पोस्ट’चे पत्रकार ब्रायन क्रेब्स यांनी मॅककोलोला जोडणी पुरवणाऱ्या वरच्या कंपन्यांपुढे ठेवले आणि ११ नोव्हेंबर २००८ रोजी त्या कंपन्यांनी तिची जोडणी तोडली. जगातील स्पॅमचे प्रमाण त्यानंतर लगेच निम्म्याहून खाली आले. न्यायालयाचा हुकूम नसताना हे घडले, आणि नीट मांडलेली साक्ष योग्य माणसापर्यंत पोहोचली तर काय होऊ शकते याचा तो दाखला ठरला. मात्र बॉटनेटच्या चालकांनी इतरत्र बस्तान बसवले आणि काही महिन्यांत स्पॅम पूर्वपदावर आले.

याद्यांची सत्ता

ज्या यादीवरून जगभरचे सर्व्हर टपाल स्वीकारायचे की नाकारायचे हे ठरवतात, ती करणाऱ्यांच्या हाती मोठी सत्ता येते, आणि तिच्यावर आक्षेप येणे अपरिहार्य होते. २००६ मध्ये ई३६० इनसाइट या अमेरिकी विपणन कंपनीने स्पॅमहाउसविरुद्ध इलिनॉयमध्ये दावा लावला. ब्रिटनमधील संस्थेवर त्या न्यायालयाचा अधिकार चालत नाही अशी भूमिका घेऊन स्पॅमहाउसने बचाव सोडून दिला आणि एकतर्फी निकालात १ कोटी १७ लाख डॉलरची भरपाई जाहीर झाली. अपिलानंतर नुकसानीचा पुरावा तपासला गेला तेव्हा २०१० मध्ये ती २७,००२ डॉलरवर आणि २०११ मध्ये अवघ्या ३ डॉलरवर आली. दुसऱ्या बाजूने, २००७ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्रीय डोमेन नोंदणीसंस्थेने काही फसवी संकेतनामे आपल्या देशाच्या कायद्याकडे बोट दाखवून रद्द केली नाहीत, तेव्हा स्पॅमहाउसने त्या संस्थेचाच पत्ता यादीत घातला. यादी हे संरक्षणाचे साधन आहे की दबावाचे, हा प्रश्न त्यामुळे उघडपणे विचारला गेला.

यादी बंद पडतानाही घोटाळे होतात. ओआरडीबी ही यादी डिसेंबर २००६ मध्ये बंद झाली, तरी अनेक सर्व्हर तिला विचारत राहिले. अखेर मार्च २००८ मध्ये तिने प्रत्येक प्रश्नाला ‘यादीत आहे’ असे उत्तर देण्यास सुरुवात केली आणि ज्यांनी वर्षभर आपली मांडणी तपासली नव्हती त्यांचे सारे टपाल अडले. याद्या चालवणाऱ्यांवर सूडही उगवला जातो. मार्च २०१३ मध्ये स्पॅमहाउसवर झालेला मारा सेकंदाला ३०० गिगाबिटांपर्यंत पोहोचल्याचे सांगितले गेले. त्यात यूडीपीवर चालणाऱ्या उघड्या डीएनएस सर्व्हरांना स्पॅमहाउसचा बनावट पत्ता लावून प्रश्न विचारण्यात आले आणि साऱ्यांची उत्तरे तिच्या अंगावर लोटली गेली.

पत्ता म्हणजे माणूस नव्हे

पत्त्यांचा तुटवडा पडल्यापासून या व्यवस्थेचे मूळ गृहीतकच डळमळीत झाले आहे. मोबाइल आणि अनेक ब्रॉडबँड कंपन्या एका सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात. या पद्धतीला कॅरिअर-ग्रेड नॅट म्हणतात आणि तिच्या आतल्या बाजूसाठी १००.६४ पासून सुरू होणारा पट्टा २०१२ मध्ये राखून ठेवण्यात आला. भारतात मोबाइलवरून इंटरनेट वापरणाऱ्यांची संख्या प्रचंड असल्याने ही स्थिती येथे नित्याची आहे. अशा पत्त्यावरून एकाच्या संसर्गग्रस्त फोनने उपद्रव केला की शेजारच्या शंभरांना संकेतस्थळे चित्रकोडी सोडवायला लावतात किंवा बाहेरच ठेवतात. येथेच लॉगमधील त्या दुर्लक्षित पोर्ट क्रमांकाचे मोल कळते: त्या क्षणी तो पोर्ट कोणत्या ग्राहकाला दिला होता हे केवळ सेवादात्याला सांगता येते आणि त्यासाठी नेमकी वेळ व पोर्ट दोन्ही लागतात. सर्व्हरांनी पाठवणाऱ्याचा पोर्टही नोंदवावा अशी शिफारस २०११ च्या आरएफसी ६३०२ मध्ये याच कारणाने करण्यात आली.

याहून गंभीर प्रकार म्हणजे घरगुती पत्ते भाड्याने देण्याचा धंदा. मे २०२४ मध्ये अमेरिकेच्या न्याय विभागाने ९११ एस५ या सेवेवर कारवाई जाहीर केली. फुकट व्हीपीएन देण्याच्या मिषाने लोकांच्या संगणकांत आज्ञावली बसवून त्यांच्या जोडण्या गुन्हेगारांना विकल्या जात होत्या आणि अशा पत्त्यांची संख्या १ कोटी ९० लाखांवर गेली होती. अशा जाळ्यातून आलेला हल्ला दिसायला एखाद्या सुस्थितीतील कुटुंबाच्या घरून आलेला दिसतो. युरोपीय न्यायालयाने १९ ऑक्टोबर २०१६ रोजी पाट्रिक ब्रायर यांच्या खटल्यात असा निर्णय दिला की, ग्राहकाची ओळख पटवण्याचा कायदेशीर मार्ग उपलब्ध असेल तर बदलता आयपी पत्ताही वैयक्तिक माहितीत मोडू शकतो. त्याच निर्णयात संकेतस्थळाच्या सुरक्षिततेसाठी तो साठवण्याचा हक्क सरसकट नाकारता येणार नाही, हेही मान्य झाले. तक्रार करणाऱ्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत: नोंद ठेवावी, पण ती कोणा व्यक्तीवरचा आरोप म्हणून मिरवू नये.

भारतातील चौकट

सोफोस या सुरक्षा कंपनीच्या २०१२ च्या पहिल्या तिमाहीतील यादीत स्पॅम पुढे ढकलणाऱ्या देशांत भारत पहिल्या क्रमांकावर होता. त्या यादीत मोजली गेली ती स्पॅमची उगमस्थाने. तो स्पॅम लिहिणारे भारतातच होते असा तिचा अर्थ होत नव्हता, तर परकीयांच्या हुकमतीखाली गेलेली यंत्रे येथे फार होती असा होता. २००४ पासून कार्यरत असलेली सर्ट-इन ही संस्था माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०ब नुसार अशा घटनांची राष्ट्रीय यंत्रणा आहे, आणि नागरिकांना आपली यंत्रे तपासून स्वच्छ करता यावीत म्हणून तिने फेब्रुवारी २०१७ मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केले. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने सर्ट-इनने तीन गोष्टी सक्तीच्या केल्या: ठरावीक प्रकारच्या घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवणे, लॉग १८० दिवस जपणे आणि यंत्रांची घड्याळे अधिकृत काळसेवेशी जुळवून ठेवणे. सहा तासांच्या मुदतीवर तेव्हा बरीच टीका झाली. घड्याळांच्या अटीची फारशी चर्चा झाली नाही, वस्तुतः साक्षीच्या दृष्टीने तीच पायाभूत आहे, कारण दोन संस्थांची घड्याळे जुळत नसतील तर त्यांच्या नोंदीही जुळत नाहीत.

या साऱ्याचा निष्कर्ष असा की, पत्त्यांचा माग काढण्याची ही व्यवस्था उपद्रव नष्ट करू शकलेली नाही आणि करूही शकणार नाही; ती उपद्रव महाग करते, आणि तेवढेही थोडे नाही. ती टिकवायची तर काळ्या याद्यांनी नाव घालण्याचे कारण आणि काढण्याचा मार्ग दोन्ही उघड ठेवले पाहिजेत, सेवादात्यांनी ॲब्यूजची पेटी रोज उघडली पाहिजे आणि तक्रारदारांनी पडताळलेल्या नोंदीपलीकडे काही लिहू नये. लहान संस्था चालवणाऱ्यांनी दूरस्थ लॉगिनसाठी पासवर्ड बंद करून किल्लीफाइलची पद्धत स्वीकारावी, लॉग सहा महिने जपावेत आणि घड्याळे जुळवावीत. घरच्या वाचकाने राउटरचा व कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड बदलावा आणि फुकट व्हीपीएनच्या मोहात पडू नये. आर्थिक फसवणूक झालीच तर १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर विनाविलंब कळवावे, आणि कळवताना वेळ, पत्ता व मूळ संदेश जसाच्या तसा जपून ठेवावा. पुढची सारी चौकशी त्यावरच अवलंबून असते.